विस्तृतपट्ट सूक्ष्मतरंग-शोषक : विशेषणे आणि परिमाणे यांची एक चिकित्सा

१

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या या दोन गोष्टींसाठी परिसरात ओळखले जाते. भूगर्भातून निघणारा काळा कोळसा आणि भट्टीतून निघणारा पांढरा चुना हे एकाच गावच्या रस्त्यावरून जातात. पाहणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंइतका परस्परविरोध अन्यत्र सापडणे कठीण. कोळसा प्रकाश गिळतो, चुना तो परत फेकतो. म्हणून एक काळा आणि दुसरा पांढरा.

परंतु प्रकाशाच्या ऐवजी तीन सेंटिमीटर लांबीची विद्युत्-चुंबकीय लाट या दोहोंवर पडली, तर हा विरोध बहुतांशी मावळतो. कोरडा कोळसा अशा लाटेस फारसा अडवीत नाही. कोरडा चुनखडकही अडवीत नाही. लाटेचा किती अंश आत जिरेल हे त्यांच्या रंगापेक्षा त्यांच्यातील ओलाव्यावर अधिक अवलंबून असते. त्याहून कितीतरी लांब अशा मध्यम कंप्रतेच्या रेडिओतरंगांनी कोळशाच्या थरातून संपर्क साधण्याचे प्रयोगही खाणींतून झालेले आहेत. उलट, तोच कोळसा हवेविना तीव्र तापवून त्यातील वायुरूप अंश काढून टाकले, की मागे उरणारा कार्बन विजेचा बरा वाहक होतो आणि सूक्ष्मतरंग गिळू लागतो. डोळ्यास मात्र तापविण्यापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही कोळसे सारखेच काळे दिसतात.

यावरून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. ‘काळा’ हे पदार्थाचे विशेषण दिसत असले तरी वस्तुतः ते पदार्थ आणि तरंगलांबी यांच्यातील संबंधाचे विशेषण आहे. कोणत्या लाटेसाठी काळा, हे सांगितल्यावाचून ते अपुरे राहते. सूक्ष्मतरंगांसाठी ‘काळे’ पृष्ठ घडविण्याची जी विद्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली, तिच्या वाङ्मयात अशीच काही अपुरी विशेषणे रूढ झाली आहेत. ‘पूर्ण’, ‘विस्तृत’ आणि ‘पातळ’ ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांना परिमाणाची जोड नसेल तर ती अर्थशून्य ठरतात, इतकेच नव्हे तर अभ्यासकाची दिशाभूल करतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करणे प्राप्त आहे. ‘मेटामटेरिअल’ हा शब्द विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आला. यातील ग्रीक उपसर्गाचा मूळ अर्थ ‘नंतर’ अथवा ‘पलीकडे’ असा आहे. मराठीने या उपसर्गाला एकच प्रतिशब्द कधी दिला नाही, आणि हे योग्यच झाले. भूशास्त्रात त्याचे ‘रूपांतरित’ झाले, शरीरशास्त्रात ‘चयापचय’, भाषाशास्त्रात ‘अधिभाषा’. प्रत्येक ठिकाणी उपसर्गाचे भाषांतर न होता आशयाचे नामकरण झाले. मेटामटेरिअलसाठी ‘अधिद्रव्य’ हा शब्द सहज सुचतो. तथापि तो स्वीकारण्यात धोका आहे. ‘अधि’ म्हणजे वरचे, वरचढ किंवा अधिकचे. अधिकारी, अध्यक्ष, अधिमास या शब्दांनी मराठी कानाला हाच संस्कार दिलेला आहे. ‘अधिद्रव्य’ म्हटले, की कोणते तरी श्रेष्ठ प्रतीचे अपूर्व द्रव्य निर्माण झाले असा ग्रह होतो. प्रत्यक्षात तेथे नवे द्रव्य काहीच नसते. साधे तांबे असते आणि विद्युत्-मंडलांचे फलक ज्यापासून करतात तो काचतंतू व राळ यांचा पत्रा असतो. नवी असते ती रचना. तांब्याची कडी, तिच्यातील फट, दोन कड्यांमधील अंतर यांवरून लाटेला मिळणारा प्रतिसाद ठरतो. म्हणून ‘रचनाद्रव्य’ हा शब्द अधिक सत्यनिष्ठ होय.

या कल्पनेची भारतीय पूर्वपीठिका लक्षणीय आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांचा उपयोग केला होता. तागाच्या जुड्या उजवीकडे पिळल्या असता विद्युत्-तरंगाचे ध्रुवणप्रतल एका दिशेने फिरते आणि डावीकडे पिळल्या असता विरुद्ध दिशेने, असे त्यांनी दाखविले. साखरेच्या द्रावणात प्रकाशाचे जे होते त्याची ती मोठ्या मापातील प्रतिकृती होती. ताग दोन्ही वेळी तोच. बदलला तो पीळ. द्रव्य न बदलता रचनेने गुण बदलणे हे रचनाद्रव्याचे मर्म येथे स्पष्टपणे दिसते. पुढे १९६७ मध्ये व्हेसेलागो यांनी विद्युत् व चुंबकीय असे दोन्ही गुणांक ऋण असलेल्या माध्यमाचा तात्त्विक विचार मांडला. १९९९ मध्ये पेंड्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फटीच्या कड्यांपासून कृत्रिम चुंबकीय प्रतिसाद मिळविण्याची रीत दाखविली, आणि २००० मध्ये स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माध्यमाचा प्रयोग केला.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. वाक्यार्थाविषयी मीमांसकांत दोन पक्ष आहेत. कुमारिलांच्या मते पदे आपापले अर्थ आधी सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो. प्रभाकरांच्या मते पद अन्वित अर्थच सांगते, अन्वयाबाहेर त्याला अर्थबोध नाही. सामान्य मिश्रणाचा विचार पहिल्या पक्षासारखा करता येतो : घटकांचे गुण माहीत असले की मिश्रणाचा गुण बऱ्याच अंशी काढता येतो. रचनाद्रव्याचा एकक-कोश मात्र दुसऱ्या पक्षाचे उदाहरण आहे. एकटी कडी आणि शेजारच्या कड्यांच्या ओळीत बसलेली कडी यांची अनुस्पंदन-कंप्रता एक नसते. म्हणूनच या शाखेत एकक-कोशाचे गणित तो अनंत आवृत्तीत बसला आहे असे धरून करतात. ही पद्धती योग्य आहे. परंतु प्रत्यक्ष नमुना अनंत नसतो, त्याला कडा असतात, आणि गणित व मापन यांतील तफावतीचे एक कारण येथेच असते, हे विसरता कामा नये.

३

‘पूर्ण’ या विशेषणाचा इतिहास उद्बोधक आहे. लँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘पूर्ण रचनाद्रव्य-शोषक’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला, आणि आजच्या या वाङ्मयाची परंपरा तेथून सुरू झाली. त्यातील कल्पना नामी होती. विद्युत् क्षेत्राला प्रतिसाद देणारा एक घटक आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देणारा दुसरा घटक असे दोन घटक स्वतंत्रपणे जुळवून पृष्ठाचा संरोध अवकाशाच्या संरोधाशी, म्हणजे सुमारे ३७७ ओहमशी, समान करावयाचा. तसे झाले म्हणजे लाटेला सीमा जाणवत नाही. ती परतत नाही, आत शिरते आणि तेथे तिची उष्णता होते.

परंतु प्रत्यक्ष आकडे पाहावेत. तयार केलेल्या नमुन्यासाठी गणिताने वर्तविलेले शोषण ९६ टक्के होते, तर सुमारे ११.५ गिगाहर्ट्झ कंप्रतेला मापनात मिळालेले शोषण ८८ टक्के होते. गणिती शिखराची रुंदी, शोषण निम्म्यावर येते त्या दोन कंप्रतांमधील अंतर धरून, अवघी ४ टक्के होती. आज या क्षेत्रात ९० टक्के शोषण ही किमान कसोटी मानतात. म्हणजे ज्या नमुन्यापासून ‘पूर्ण’ हे विशेषण रूढ झाले तो नमुना आजच्या किमान कसोटीसही उतरत नाही.

यात त्या निबंधाच्या कर्त्यांचा अवमान करण्याचा हेतू नाही. त्यांनी आपले आकडे प्रामाणिकपणे दिले, आणि अरुंद पट्टा हा त्यांनी दोष न मानता किरणोष्णतामापकासाठी उपयुक्त गुण मानला. दोष आहे तो अनुकरणाचा. मूळ निबंधातून नंतरच्या लेखकांनी विशेषण उचलले, त्यालगतचे आकडे मागे राहिले. परिभाषेच्या इतिहासात हे वारंवार घडते : शब्द प्रवास करतो, अट प्रवास करीत नाही.

४

अरुंद पट्टा रुंद करणे हा पुढील सर्व खटाटोपाचा विषय झाला. त्याचे मार्ग मुख्यतः तीन. भिन्न मापांच्या कड्या एकाच कोशात शेजारी बसवून त्यांची शिखरे एकमेकांत मिसळू द्यावयाची, हा पहिला. थरावर थर रचून प्रत्येक थराला थोडी वेगळी कंप्रता द्यावयाची, हा दुसरा. तांब्याच्या जागी रोधक पदार्थाची नक्षी वापरून, अथवा नक्षीत रोधक बसवून, अनुस्पंदनाची तीक्ष्णता मुद्दाम बोथट करावयाची, हा तिसरा. पहिल्या मार्गात कोशातील जागा संपते आणि शिखरांमध्ये दऱ्या राहतात. दुसऱ्यात जाडी वाढते. तिसऱ्यात रोधाचे मूल्य अचूक साधणे अवघड जाते. व्यवहारात तिसरा मार्ग, एकटा किंवा दुसऱ्याच्या जोडीने, अधिक फलदायी ठरतो. कारण विस्ताराचे खरे मूल्य नियंत्रित हानीने चुकते करावे लागते.

मात्र ‘विस्तृत’ म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एका जुन्या साधनाची आठवण उपयोगी पडते. विनफिल्ड सॉल्सबरी यांना १९५२ मध्ये एकस्व मिळालेल्या पडद्याची रचना अगदी सोपी आहे : पाठीशी धातूचा पत्रा, त्याच्यापुढे पाव तरंगलांबी अंतरावर प्रति चौरस ३७७ ओहम रोधाचा पातळ पडदा. १० गिगाहर्ट्झसाठी तरंगलांबी ३० मिलिमीटर, म्हणून हे अंतर ७.५ मिलिमीटर येते. मध्ये केवळ हवा आहे आणि लाट समोरून लंबरूप येत आहे असे धरून साधे गणित केले, तर या पडद्याचे ९० टक्क्यांहून अधिक शोषण ६.३ पासून १३.७ गिगाहर्ट्झपर्यंत मिळते. मध्यकंप्रतेच्या प्रमाणात हा पट्टा सुमारे ७५ टक्के रुंद आहे. कसोटी कडक करून ९९ टक्के शोषण मागितले, तर तोच पडदा ८.७ ते ११.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे केवळ २५ टक्के पट्टा व्यापतो. साधन एकच, परंतु कसोटी बदलताच त्याची रुंदी एक-तृतीयांश होते. म्हणून कसोटीचा उल्लेख नसलेली रुंदी ही रुंदीच नव्हे.

आता एका नामांकित आधुनिक रचनेशी याची तुलना करावी. डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तांबे व विद्युत्-रोधी पत्रा यांचे वीस जोडथर शिखराकडे निमुळते करीत छाटलेल्या पिरॅमिडांची रांग मांडली. तिचे ९० टक्क्यांहून अधिक शोषण ७.८ ते १४.७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात मिळते; म्हणजे पट्टा सुमारे ६१ टक्के आणि थरांची उंची ५ मिलिमीटर. याच मध्यकंप्रतेला जुळविलेला सॉल्सबरी पडदा ६.७ मिलिमीटर जाडीत ७५ टक्के पट्टा देतो. तेव्हा वीस थरांच्या परिश्रमाने जे साधले ते जाडीतील दीड-पावणेदोन मिलिमीटरांची बचत, आणि तीही पट्टा काहीसा आखडून. ही बचत क्षुल्लक म्हणता येणार नाही. विमानाच्या अंगावर प्रत्येक मिलिमीटर मोलाचा असतो. निमुळत्या रचनेत लाट निरनिराळ्या उंचीवर कशी अडकते याचे त्या निबंधातील विवेचनही मौलिक आहे. परंतु ‘अतिविस्तृत’ हे विशेषण जुन्या पडद्याशेजारी ठेवून पाहिले असते, तर वाचकाला नवतेचे खरे स्थान कळले असते. नवी रचना मांडणाऱ्या प्रत्येक लेखात तितक्याच जाडीच्या साध्या पडद्याचा आलेख शेजारी देणे ही किमान शिस्त मानली पाहिजे.

५

‘पातळ’ या विशेषणाविषयी तर निसर्गानेच मर्यादा आखून दिली आहे. कॉन्स्टंटिन रोझानॉव्ह यांनी २००० मध्ये दाखविलेला सिद्धांत असा : धातूच्या पत्र्याने पाठ झाकलेला, बाहेरून ऊर्जा न घेणारा कोणताही रेषीय शोषक घेतला, तर सर्व तरंगलांब्यांवर मिळून त्याने केलेल्या एकंदर शोषणाला त्याच्या जाडीने ठरविलेली वरची मर्यादा असते. या सिद्धांताचा पाया केवळ कार्यकारणभाव आहे. कार्य कारणाच्या आधी घडू शकत नाही, एवढ्याच गृहीतकातून ही मर्यादा निघते. म्हणून कड्यांची नक्षी कितीही चतुर असली तरी ती ओलांडता येत नाही. चुंबकीय पदार्थ असेल तर त्याच्या स्थिर पार्यतेच्या प्रमाणात सवलत मिळते, इतकेच.

अचुंबकीय शोषकासाठी ९० टक्क्यांच्या कसोटीने हा नियम सोप्या रूपात सांगता येतो : पट्ट्याच्या दोन टोकांच्या तरंगलांब्यांतील फरकाला सुमारे १७ ने भागावे, जे येईल त्याहून शोषक पातळ होऊ शकत नाही. २ ते १८ गिगाहर्ट्झ हा पट्टा घेतल्यास तरंगलांब्या १५० आणि १६.७ मिलिमीटर येतात, आणि किमान जाडी सुमारे ७.८ मिलिमीटर ठरते.

या नियमाचा एक परिणाम विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. वरील पट्टा वरच्या टोकाला दुप्पट करून ३६ गिगाहर्ट्झपर्यंत नेला, तर किमान जाडी केवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढते. तोच पट्टा खालच्या टोकाला एका गिगाहर्ट्झने वाढवून १ पासून सुरू केला, तर किमान जाडी साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक होते. एकीकडे अठरा गिगाहर्ट्झ जवळजवळ फुकट मिळतात, तर दुसरीकडे एका गिगाहर्ट्झसाठी भरभक्कम किंमत द्यावी लागते. असे असता पट्ट्याची रुंदी गिगाहर्ट्झमध्ये मोजून तिची प्रौढी सांगणे म्हणजे रुपये आणि पैसे एकाच रकान्यात मांडून बेरीज करण्यासारखे आहे. खरा प्रश्न ‘किती गिगाहर्ट्झ’ हा नसून, ‘शक्य असलेल्या किमान जाडीच्या किती पट जाडी लागली’ हा आहे. १० गिगाहर्ट्झच्या सॉल्सबरी पडद्याला, त्याचा हा एकच पट्टा जमेस धरला तर, सुमारे दीड मिलिमीटर पुरावयास हवे, लागतात साडेसात. हा पाचपटीचा अंक जितका खाली येईल तितके संकल्पकाचे कौशल्य. या एका अंकात ‘विस्तृत’ व ‘पातळ’ ही दोन्ही विशेषणे सामावतात आणि दोन्हींना परिमाण लाभते.

६

शेवटी ‘शोषण’ या नामाचीही चौकशी करणे अवश्य आहे. पाठीशी धातू असल्यामुळे लाट आरपार जात नाही. म्हणून जे परतले नाही ते शोषले गेले, असा हिशेब मांडतात. हिशेब बरोबर आहे, परंतु ‘परतले’ याचा अर्थ पूर्ण घेतला तरच. काही नक्ष्या, विशेषतः एका कर्णाच्या दिशेने झुकलेल्या, आलेल्या लाटेचे ध्रुवण नव्वद अंशांनी फिरवून तिला परत पाठवितात. मापकाने केवळ मूळ ध्रुवणातील परतलेली लाट मोजली, तर ही फिरलेली लाट त्याच्या नजरेतून सुटते आणि जमाखर्चात ‘शोषण’ म्हणून जमा होते. अशा रीतीने ध्रुवण-परिवर्तकांना शोषक म्हणून मांडण्याची चूक या वाङ्मयात झालेली आहे आणि तिच्यावर टीकाही झालेली आहे. दुसऱ्या काही नक्ष्या लाटेला भलत्याच दिशांना विखरून टाकतात. रडारच्या दृष्टीने तो उपयुक्त गुण असू शकेल. परंतु तेथे उष्णता झालेली नाही, म्हणून ते शोषण नव्हे. विखुरणे, वळविणे आणि जिरविणे या तीन क्रियांना मराठीत तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. ती काटेकोरपणे वापरली तरी निम्मा घोटाळा टळेल.

लाट तिरकी आली असता काय होते, हाही याच प्रकारचा प्रश्न होय. कोन वाढला की थरातील कलांतर बदलते, शिखर सरकते आणि दोन ध्रुवणांचे वर्तन परस्परांपासून दुरावते. केवळ लंब आपतनाचा आलेख देऊन कोनाविषयी मौन पाळणे हे अर्धे विधान होय.

७

या चिकित्सेवर असा आक्षेप घेता येईल, की शीर्षकातील विशेषणे ही सोयीची नावे असतात. आकडे आत दिलेले असतात, आणि जाणता वाचक ते पाहतोच. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो जाणत्या वाचकापुरता. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकून पदव्युत्तर वर्गात इंग्रजी निबंधांना प्रथमच सामोरा जाणारा विद्यार्थी जाणता होण्याच्या वाटेवर असतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती शब्द आधी पडतो आणि अट फार उशिरा. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य झाले; परंतु कोशातील प्रतिशब्द हा परिभाषेचा आरंभ आहे, शेवट नव्हे. संज्ञेबरोबर तिची कसोटी शिकविली गेली तरच संज्ञा ज्ञानाचे वाहन होते.

याकरिता शोषकाच्या प्रत्येक वर्णनात पाच गोष्टी असाव्यात : शोषणाची कसोटी किती टक्क्यांची; पट्ट्याची दोन टोके कोणती; एकूण जाडी किती आणि ती किमान जाडीच्या किती पट; किती कोनापर्यंत आणि कोणत्या ध्रुवणासाठी; आणि फिरून परतलेली लाट मोजली की नाही. या पाचांची उत्तरे दिल्यावर ‘पूर्ण’, ‘विस्तृत’ आणि ‘पातळ’ ही विशेषणे वापरली काय किंवा न वापरली काय, फारसा फरक पडणार नाही. उत्तरे न देता ती वापरली तर मात्र ती केवळ स्तुतिवाचक उरतात.

राजूरच्या रस्त्यावरील कोळसा डोळ्याला काळा आहे, हे विधान सत्य आहे. कारण त्यात ‘डोळ्याला’ हा शब्द आहे. तो शब्द गाळला की सत्य अर्धे होते. सूक्ष्मतरंग-शोषकांच्या वाङ्मयात आज नेमका हाच शब्द गाळला जात आहे. तो परत आणणे हे संकल्पकाचे जितके काम आहे तितकेच अध्यापकाचे आणि परिभाषाकाराचेही आहे.